सिग्नलला धापा टाकणारी गाडी

सिग्नलला उभी राहिली की मामाची टॅक्सी धापा टाकायची. काटा १००० वर, मग भुर्रकन २०००, परत खाली. पळताना मात्र एकदम मख्खन! चेक इंजिनचा दिवा नाही, स्कॅनरवर एकही कोड नाही. गॅरेजवाल्याचं निदान, "कंप्युटर गेला, १२,००० लागतील." टॅक्सी म्हणजे मामाची रोजीरोटी. आणायचे कुठून?

मंडळी, आयसी इंजिनचा पेपर नुसता 'काढायचा' असणाऱ्यांनीही ऐका. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद. जेमतेम हवा लागते, तीही कंप्युटर व्हॉल्व्हमधून मोजून सोडतो. पाइप चिरला की फुकटची हवा शिरते. मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं, सेन्सर ते सांगतो, पेट्रोल वाढतं, आरपीएम चढतो. कंप्युटर व्हॉल्व्ह पार मिटतो, तरी चढतोच. थ्रॉटल बंद आणि आरपीएम एवढा? म्हणजे गाडी उताराला लागली, असं समजून बिचारा पेट्रोलच तोडतो. आरपीएम कोसळला की पुन्हा चालू. झाल्या धापा! पळताना हवाच इतकी लागते की त्या चिरेला कोण विचारतो?

रबरी नळीचं एक टोक कानाला लावून मी एकेक पाइप ऐकत गेलो (बेल्टपासून बाह्या सांभाळा बरं का). पीसीव्हीच्या पाइपला खालून चीर. फुस्स! मॅनिफोल्डच्या बाजूने पकडीने अलगद दाबला, तर काटा ८०० वर गप्प.

नवा पाइप ६० रुपये. मामाने दोन कटिंग सांगितले. कंप्युटर अजून तोच आहे.