दुसरी आवृत्ती

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली की लेखकाचे अभिनंदन होते. परीक्षेला दुसऱ्यांदा बसणाऱ्याला लोक धीर देतात. चष्म्याचा नंबर दुसऱ्यांदा बदलला तर कुणी चकार शब्द काढीत नाही. पण वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करून घेणाऱ्या माणसाला मात्र भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "पुन्हा?" या दोन अक्षरांत आश्चर्य असते, कीव असते आणि 'जिभेवर ताबा नको का?' हा न बोललेला उपदेशही असतो. गेल्या वर्षी मी अशी दुसरी आवृत्ती काढली. पुस्तकावर 'सुधारून वाढविलेली' असे छापतात. माझी आपली 'सुधारून घटविलेली'!

आमचे सेलू हे परभणी जिल्ह्यातले, मनमाड-परभणी लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. स्टेशनावरून घरी पोहोचेपर्यंत दहा जणांनी विचारपूस केली नाही तर चुकल्यासारखे वाटावे, एवढा येथला जिव्हाळा. त्यामुळे २०१५ साली मी पुण्याला जाऊन पहिली शस्त्रक्रिया करून आले, ते गुपित राहणे शक्यच नव्हते. तोवर या शस्त्रक्रियेचे नाव लोकांच्या कानावर होते. २०११ साली नितीन गडकरींनी ती करून घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली होती. माझे वजन तेव्हा एकशे बारा किलो होते. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' मी वर्गात वाचून दाखवी, तेव्हा मुले लेखाला तर हसतच. पण वाचणारीकडे पाहून अंमळ जास्तच हसत.

त्या पहिल्या शस्त्रक्रियेला 'स्लीव्ह' म्हणतात. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. जो भाग जातो त्यातच भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. म्हणजे भूक ही निव्वळ मनाची खोड नसून तिचाही एक कारखाना असतो तर! माझा तो कारखाना बराचसा बंद झाला आणि दीड वर्षात मी शहात्तर किलोंवर आले. नव्या साड्या अंगावर शोभू लागल्या, जिना चढताना बोलता येऊ लागले.

पण शरीर हे मोठे मानी असते. आपला जुना ताळेबंद ते विसरत नाही. वजन उतरले की ते कमी इंधनात संसार करायला शिकते आणि भुकेचा आवाज हळूहळू पुन्हा वाढविते. ताटात तेच, फिरणे तेच, तरी काटा सरकत सरकत अठ्ठ्याण्णवपर्यंत गेला. एवढ्यासाठी मी दुसऱ्यांदा पोट उघडले नसते. माझा खरा घास घेतला तो आम्लपित्ताने.

रात्री झोपेत घशाशी जळजळीत पाणी येऊ लागले. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पुढे पुढे तर मी आरामखुर्चीतच रात्र काढू लागले. सकाळी आवाज घोगरा होऊन उठे. पहिला तास कसाबसा पार पडे, दुसऱ्या तासाला तो बसे. ज्या बाईने वीस वर्षे ज्ञानेश्वरी आणि लावणी एकाच गळ्याने शिकवली, तिला शेवटच्या बाकावरून "मॅडम, ऐकू येईना" असे ऐकावे लागले. गवयाचा गळा गेला तर जग हळहळते. मास्तरणीचा गेला तर वेळापत्रक बदलते! घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज आल्याचे सांगितले. दुर्बिणीने तपासले तेव्हा अन्ननलिकेच्या अस्तरावर आम्लाने झालेल्या जखमा दिसल्या. त्या अरुंद नळीत दाब अधिक असतो, म्हणून स्लीव्हनंतर काहींना हा त्रास होतो. गोळ्या झाल्या, पथ्ये झाली, उतार पडेना.

मग छत्रपती संभाजीनगरच्या एका सर्जननी कागदावर चित्र काढून 'बायपास' समजावून दिला. जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढीच थैली ठेवायची आणि लहान आतडे वर आणून तिला जोडायचे. खालचे जठर आत राहते, पण अन्नाची वाट त्याला चुकवून जाते. त्यातले आम्ल वर यायला रस्ताच उरत नाही. १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी अशा शस्त्रक्रियेचा पाया घातला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रिया पुढे लठ्ठ होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणजे ही विद्या काही कालपरवाची नव्हे.

सर्जननी धोकेही लपविले नाहीत. पहिल्या खेपेच्या व्रणांमुळे आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, जोड गळण्याची आणि रक्तस्रावाची भीती पहिल्यापेक्षा जास्त, आणि वजनही पहिल्याइतके उतरेलच असे नाही. परतीच्या गाडीत यजमान खिडकीबाहेर पाहत गप्प बसून होते. परतूरच्या सुमारास म्हणाले, "तुझा आवाज परत यावा असं मला वाटतं. बाकी तू ठरव." मी ठरवले. घरी आल्यावर एका वहीत बँकेची खाती, विम्याचे हप्ते आणि लेकीच्या शाळेच्या फीची तारीख लिहून ती वही कपाटात ठेवली. कुणाला सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी यजमानांनी कपाटाच्या किल्लीची जागा विचारली, तेव्हा ती वही त्यांना दिसली आहे हे मला कळले.

शस्त्रक्रिया ठरली दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, आणि आधीचे दोन आठवडे प्रथिनयुक्त पातळ आहार. यकृतातली चरबी त्यामुळे घटते आणि सर्जनला त्याच्याखाली काम करायला जागा मिळते. रक्ताच्या तपासण्या झाल्या. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व यांची उणीव आधीच भरून काढायची होती. फुंकणीसारख्या नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलण्याचा खेळ दिवसातून कितीदा तरी करायचा, तो फुप्फुसांसाठी.

आणि गंमत अशी की त्या दोन आठवड्यांतच नवरात्र आले. ताक, डाळीचे पाणी आणि प्रथिनांची पूड याखेरीज मी काही घेत नाही असे पाहून गल्लीतल्या बायकांनी माझ्या कडक उपवासाची तोंड भरून स्तुती केली. "साबुदाणासुद्धा नाही? धन्य गं बाई!" तेच न खाणे देवीसाठी केले तर पुण्य, डॉक्टरांसाठी केले तर लाज! मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. देवीनेही केला नाही.

घरात मात्र एक माणूस असे होते, ज्याला हे सारे पटवून देणे मला साधत नव्हते. माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या आहेत. त्या म्हणाल्या, "आमच्या वक्ताला पोट होतं, भाकर नव्हती. तुमच्याकडं भाकर हाये तर पोट कापायलेत. कसं समजावं मी?" यावर कोणते उत्तर देणार? मी दिले नाही. त्याही पुन्हा बोलल्या नाहीत.

शस्त्रक्रियेविषयी सांगण्यासारखे थोडेच. पोटावर पाच बारीक छिद्रे, सुमारे तीन तास, आणि शुद्धीवर येताच परिचारिकेचा आग्रह, "चला, उठा, चालायचंय." पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून संध्याकाळीच चालवतात. खरी गोष्ट सुरू होते ती घरी आल्यावर. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढ्या पेल्याने पाणी प्यायचे. एका घोटानंतर थांबायचे. तहान नावाच्या गोष्टीशी माझी खरी ओळख त्या दिवसांत झाली.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते. घरभर चकलीच्या भाजणीचा वास, आणि माझ्यापुढे गाळलेले डाळीचे पाणी. त्या संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या हातात चांदीची लहानशी वाटी आणि चमचा होता. माझ्या लेकीच्या उष्टावणाचा. "मोठ्या वाटीत एवढंसं दिसलं की जीव कासावीस होतो माझा," त्या म्हणाल्या, "यात भरल्यावानी दिसतं." दोन आठवड्यांनी पातळ संपून मऊ अन्न सुरू झाले, तेव्हा त्याच वाटीत त्यांनी मुगाची खिचडी घोटून आणली. माझे हे दुसरे उष्टावण. तीन चमच्यांत मी तृप्त झाले. तेव्हा त्या माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

पुढचे सारे गुळगुळीत झाले असे नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका वहिनींनी आग्रहाने तोंडात घातलेल्या तिळगुळाने काळीज धडधडले, घाम फुटला आणि अर्धा तास आडवे व्हावे लागले. गोड झपाट्याने आतड्यात उतरले की असे होते. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले आणि पुढे आपोआप थांबले. लोह, कॅल्शियम, ब-१२ या गोळ्या आता जन्माच्या सोबती आहेत. डोके दुखले तरी हाताला येईल ती वेदनाशामक गोळी चालत नाही. जोडापाशी व्रण होतो. जेवताना पाणी नाही, घाई नाही. वजन ब्याऐंशीवर आहे. उद्या ते वाढणारच नाही, असे कुणी लिहून दिलेले नाही.

पण मी एका उशीवर झोपते. गेल्या जूनमध्ये सलग तीन तास घेतले आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला डुलकी लागली. त्याला ऐकू येत होते, तरीही लागली! इतका आनंद मला कुणाच्या झोपेने कधी झाला नव्हता.

परवा फराळाचे ताट घेऊन शेजारच्या बाई आल्या आणि "एक लाडू तरी घ्याच" म्हणून हटून बसल्या. मी काही बोलण्याआधीच सासूबाई आतून म्हणाल्या, "आग्रह करू नका तिला. भरलं म्हणजे भरलं. भरल्या पोटाचं माणूस घरात असणं, ह्याच्यासारखं सुख नाही, बाई."