रेडिएटरमधली हळद

पारोळ्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि महिना मे. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी, रेडिएटरही तेव्हाचाच. एरंडोलपासूनच तापमानाचा काटा चढत होता आणि मी तिकडे न बघण्याचं धोरण ठेवलं होतं. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, म्हणून पाऊण तास लिंबाखाली बसलो. मग गाडीला पाणी पाजत पाजत धुळं गाठलं.

पहिल्या दुकानात ॲल्युमिनियमचा नवा दाखवला, टाक्या प्लास्टिकच्या. जुना म्हणे भंगारात द्या. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं नखानं कडा खरवडून पाहिली. "हाई फेकू नको भाऊ, तांबं-पितळ शे."

नळ्या आणि टाक्या पितळेच्या, मधली पानं तांब्याची आणि सगळं शिसं-कथलाच्या डागावर जोडलेलं. हा डाग तीनशे अंशांच्या आतच वितळतो. तेवढ्यानं पितळेला काहीच होत नाही. ज्या आचेनं जोडलं, त्याच आचेनं उघडता येतं. प्लास्टिकच्या टाकीला ही सोय नाही.

तोंडं बुजवून, हवा भरून त्यानं रेडिएटर हौदात बुडवला. तीन ठिकाणी बुडबुडे. वरची टाकी सोडवली तर आत पिवळा चिखल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हळद टाकी का?"

टाकली होती. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याच्या सल्ल्यानं, चांगली मूठभर. गळती थांबली म्हणून मी चारचौघांत मिरवलोही होतो. तिनं भोकाबरोबर नळ्याही बुजवल्या. उरलेलं काम आमच्या जळगावच्या बोअरच्या पाण्यानं केलं. किटलीच्या तळाशी बसतो तसला पांढरा थर.

चपटी पट्टी घेऊन तो एकेक नळी मोकळी करत राहिला. दोन नळ्या मधोमध कुजलेल्या, त्यांची दोन्ही टोकं डागानं कायमची बंद केली. जस्त विरघळवलेलं ॲसिड फडक्यानं फिरवलं, की चुरचुर आवाज आणि लगेच डाग धरायचा. बोअरचं पाणी पुन्हा घालायचं नाही, अशी तंबी वर मिळाली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम भर दुपारीच जळगावला परत निघालो. काटा बांभोरीच्या गिरणा पुलापर्यंत मधल्या रेघेवर. पुढच्या सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, तर पाण्याला अजून पिवळट झाक होती.