थोडं गप्प बसायचं कुणी?

गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर जे पाणी येतं, त्यातलं थोडं जुन्नर तालुक्यातून आलेलं असतं. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. आम्ही कलबुर्गीचे कॅथलिक, पण शेजारच्या मराठी काकूंबरोबर गाणगापूरला माझ्या कितीतरी फेऱ्या झाल्यात. दुपारी माधुकरीसाठी झोळ्या घेतलेली माणसं आणि त्यांच्यातच फोनवर "ऐकू येतंय का?" म्हणून ओरडणारे भाविक, हे तिथलं नेहमीचं दृश्य. त्याच भीमेच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला, एका ठिकाणी मात्र फोन बंद ठेवावा लागतो. नारायणगावजवळचं खोडद.

खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मधोमध आणि १६ 'वाय' अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटर पसरलेल्या. ही दुर्बीण पाहत नाही, ऐकते. साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमधलं. पंचाईत अशी, की टीव्हीचं प्रक्षेपण आणि मोबाइलचे काही पट्टेही त्यातच येतात. वायफाय २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे बाहेरचं. पण राउटर आणि लॅपटॉपमधल्या सर्किटांतून भलत्याच फ्रिक्वेन्सींवर गोंगाट झिरपत राहतो.

माझी रूममेट संगमनेरची. ती म्हणाली, "मग त्यांनी दुसरी फ्रिक्वेन्सी धरावी ना!"

तेच जमत नाही. हायड्रोजनच्या अणूची लहर निघते २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झवर. विश्व प्रसरण पावतंय, म्हणून वाटेत ती ताणली जाते. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या शोधात जीएमआरटीने पकडलेली अशी एक लहर ४८ सेंटिमीटरची झाली होती. ती ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली, तेव्हा पृथ्वीच नव्हती. कुठली लहर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर पोचणार, हे तिचं अंतर ठरवतं. आपण नाही.

आणि गोंगाट नेहमी बाहेरचाच असतो असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र संकेत मिळायचे. २०१५ मध्ये उलगडा झाला: तिथलाच मायक्रोवेव्ह ओव्हन! वेळ पुरी व्हायच्या आत कुणी दार उघडलं, की तो 'संदेश' पाठवायचा. म्हणजे दूरच्या आकाशगंगा ऐकायला बसलेले ते कुणाचं तरी जेवण ऐकत होते.

इथवर रूममेटही हसत होती. मग मी पुणे-नाशिक रेल्वेचा विषय काढला आणि ती गप्प झाली. दोन्ही शहरांना जोडणारा थेट रेल्वेमार्ग अजून नाही. ठरलेला वेगवान रेल्वेमार्ग नारायणगाव, संगमनेरवरून जाणार होता. जीएमआरटीला व्यत्यय येईल म्हणून तो बदलायचं ठरलं, आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून नेण्याची घोषणा झाली. "तुमच्या त्या ८८० कोटी वर्षांसाठी माझ्या आईने अजून किती वर्षं एसटीत उभं राहायचं?" तिने विचारलं.

मी जीएमआरटीच्या बाजूची आहे. रूळ दुसरीकडून नेता येतात, पण तीस अँटेना उचलून हलवता येत नाहीत. शिवाय डोंगरांच्या आडोशाची अशी जागा पुन्हा मिळणं कठीण. पण तिचा प्रश्न खोटा नाही. शांतता साऱ्या जगाच्या कामाची असते, तिची किंमत मात्र दोन-तीन तालुके मोजतात. तेव्हा त्या तालुक्यांना निदान दुसरी सोय आधी द्यावी: चांगला रस्ता, जास्त गाड्या, जुन्नर-संगमनेरला जोडणारा एखादा फाटा. आणि निर्णय घेताना त्यांना विचारावं. दूरचं ऐकायला एवढी मोठी यंत्रणा उभारणाऱ्या देशाला जवळच्या माणसाचं ऐकणं अवघड जाऊ नये.

हे मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "फाट्याचं तेवढं ठळक अक्षरात छाप."