आत्याआजीची शंभर पानी वही

मुलांनो, १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली तो ठरवला. त्या दिवशी मी चौथीच्या वर्गात आजी-आजोबांविषयी बोलत होते. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "बाई, वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना टाकून देतात ना?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण घरी आमच्या आत्याचं तेच चाललं होतं.

आत्या ७८ वर्षांची. भाईंदर पश्चिमेला जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. दुधाची पिशवी आणायची तरी चार जिने उतरा नि चढा. आम्ही मीरा रोडला, वन रूम किचनमध्ये. दिवसभर घराला कुलूप.

आम्ही एकदा चुकलो होतो. तीन वर्षांपूर्वी मोठे काका न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून सोडायचा दिवस आला, तेव्हा आमची पळापळ सुरू झाली. फोनवर विचारून दोन दिवसांत एक जागा ठरवली. तिथे रात्री मदतीला कुणीच नसायचं. महिन्याभराने काकांना तिथून हलवलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, एकदा मला विचारायचं तरी!" काका आता नाहीत. ते वाक्य मात्र राहिलंय.

म्हणून आत्या हिंडती-फिरती आहे तोवरच विषय काढला. ती पोस्टात नोकरीला होती, हिशेबाला पक्की. तिने शंभर पानी वही घेतली आणि प्रश्न लिहायला बसली. रात्री हाक मारली तर कोण येणार? डॉक्टर किती दिवसांनी येतात? संडासात धरायला दांडी आहे का? अनामत रक्कम परत किती मिळते? दर वर्षी पैसे किती वाढतात? पेन्शनमध्ये भागेल का? सगळ्यांत मोठा प्रश्न, चालता येईनासं झालं तर ठेवून घेणार का? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश असतो. हे आधी विचारलं नाही, तर अंथरुणाला खिळल्यावर पुन्हा नवी जागा शोधत फिरावं लागतं.

आमच्या उत्तनलाच केशवसृष्टीत वानप्रस्थाश्रम आहे. ठाण्याला, पुण्यालाही अशा जागा आहेत. आम्ही तीन जागा पाहिल्या. जायचं ते जेवणाच्या वेळेला, हा आत्याचा हट्ट. "ताटावरून घर कळतं," ती म्हणाली.

माझा पाचवीतला मुलगा मात्र फुगून बसला होता. "आत्याआजी, तू नको जाऊस. आमच्याकडे ये, मी खाली झोपेन."

"राजा, तू शाळेत गेल्यावर मी पडले तर?"

तो गप्प झाला. रात्री त्याने वहीत आपल्या अक्षरात लिहिलं, '१२. नातवाला शनिवारी येऊ देतात का?' तीनपैकी दोन ठिकाणी भेटीचा एकच तास होता. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, "येऊ दे की दिवसभर!" आत्याने त्यापुढे बरोबरची खूण केली.

सध्या ती तिथे महिनाभर राहून पाहतेय. आवडलं नाही तर परत यायचं. घराची किल्ली तिच्याच बटव्यात आहे.

पुढच्या आठवड्यात मी वर्गाला उत्तर दिलं. म्हटलं, "वृद्धांना टाकून देणं हा गुन्हा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. अडचणीतल्या आजी-आजोबांसाठी १४५६७ हा मोफत फोनही आहे. पण त्यांना विचारून, बरोबर जाऊन, पाहून ठरवणं म्हणजे टाकणं नव्हे. फक्त नंतर जात राहायला हवं." तुमच्या घरीही हे बोलणं सगळे धडधाकट असतानाच होऊ द्या. आजी-आजोबांना काय हवं, ते त्यांनाच विचारा.

मागच्या बाकावरचा तो मुलगा पुन्हा उभा राहिला. "बाई, मग या शनिवारी तुम्ही जाणार ना?"

जाणार तर होतेच. पण आता चुकवायची सोय राहिली नाही!