गौरीची पावलं आणि आमची पिढी

संत तुकाराम नगरात वाढलेल्या आम्हा मुलांचे वडील टेल्कोत, बजाजमध्ये नाही तर हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला होते. घरातलं जेवणखाण, झोप, अभ्यास, सगळं कारखान्याच्या पाळ्यांवर चाले. गावं मात्र प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे भाद्रपदात एकाच जिन्यात तऱ्हेतऱ्हेच्या गौरी यायच्या. कोकणातल्या काकूंकडे तेरड्याची, तळमजल्यावरच्या आजींकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची, आणि बीडकडच्या मावशींकडे साडी नेसून उभ्या राहिलेल्या महालक्ष्म्या. यातली खरी गौर कुठली, असा प्रश्न आम्हाला पडायचा. 'ज्याच्या घरी जी येते, ती त्याची खरी,' असं आजी सांगायच्या.

अनुराधा नक्षत्रावर गौर यायची, ज्येष्ठावर जेवायची आणि मूळ नक्षत्रावर निघायची. येण्याच्या दिवशी आई वाटीत कुंकू कालवायची. मूठ आवळून तिची कड त्यात बुडवायची आणि फरशीवर टेकवायची. वर बोटाने पाच ठिपके दिले की तान्ह्या बाळाएवढं पाऊल तयार. उंबऱ्यापासून निघालेली ही पावलं धान्याच्या डब्यांपर्यंत, कपाटापर्यंत जायची. आईची मूठ आम्ही डोळ्यांनी पाहिलेली असायची, तरी पावलांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून चालायचो. गौर ही घराची श्रद्धा होती आणि पावलं हा त्या श्रद्धेने मुलांना दिलेला खेळ. दहा-बारा वर्षांची झाली की मुलगी स्वतः मूठ टेकवायला बसायची. मुलग्यांना मात्र क्वचितच बसू द्यायचे; ती उणीव होतीच.

पडलेला दुधाचा दात उंदीरमामाला द्यायचा, तो नवा देतो, हेही असंच. गावाकडे दात कौलांवर फेकत. इथे कौलं कुठली? मग गच्चीवर जाऊन टाकायचा. हसणाऱ्या तोंडातलं ते खिंडार भरून निघेपर्यंत मामाचा भरवसा पुरायचा.

बागुलबुवाचं तसं नव्हतं. जेवला नाहीस तर तो उचलून नेईल, या धाकाने कित्येक मुलं अंधाऱ्या जिन्यात एकटी जायला घाबरायची. त्या भीतीने कुणाचं भलं झालेलं आम्ही पाहिलं नाही.

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. आमच्याकडेही मोठी माणसं चमचे-वाट्या घेऊन निघाली. कारखान्यात काम करणाऱ्या एका शेजारी काकांनी मुलांना घरी बोलावलं, दुधात हळद कालवली आणि चमचा पितळी मूर्तीच्या सोंडेला टेकवला. दूध कमी झालं, पण सोंडेखालून पोटावर पिवळा ओघळ उतरलेला स्वच्छ दिसला. पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली वाहतं, हे त्यांनी समजावलं. मग मूर्ती पुसून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली आणि संध्याकाळी नेहमीसारखी आरती केली. श्रद्धा आणि फसवणूक यांतला फरक आम्हाला त्या दिवशी कळला.

आता नगरात मेट्रोचं स्टेशन आहे, डिसेंबरात शाळाशाळांतून सांताक्लॉज येतो आणि तो खरा आहे असं मुलांना सांगावं का, असं आमच्याच पिढीतले आईबाप एकमेकांना विचारतात. सांगा की! सांता सांगा, उंदीरमामा सांगा. मात्र त्यांच्या नावाने धाक घालू नका आणि महागड्या भेटीची लालूच दाखवू नका. मूल डोळ्यांत डोळे घालून 'खरंच येतो का?' असं विचारेल, त्या दिवशी खरं उत्तर द्या. आणि पुढच्या वर्षी धाकट्यांसाठी पावलं काढायला त्याला बसवा, मुलगा असो वा मुलगी.