पहिला छाप

फणसवाडीतली खोली रिकामी करायची ठरली आणि आजोबांच्या रेकॉर्ड्स माझ्या गळ्यात पडल्या. कारण काय, तर मी 'मीडियात'! बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, ट्रान्झिटच्या घरात कपाट मावणार नाही. बाबांचा फंडा क्लिअर : "विकून टाक."

वर होत्या दमदमच्या कारखान्यातल्या, लाखेच्या ७८ आरपीएम. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं, आणि हातातून सुटली की ठिकऱ्या! खाली व्हिनाईलच्या एलपी. त्यात भीमसेन जोशींची एकच एलपी चक्क दोनदा. एक आजोबांची, कव्हरवर निळ्या शाईत नाव आणि 'पहिला बोनस, १९६९'. दुसरी आत्याने बऱ्याच वर्षांनी घेतलेली, एकदम करकरीत.

मित्राच्या टर्नटेबलवर दोन्ही लावल्या. वाटलं होतं, आत्याचीच भारी वाजणार. कसलं काय! खरखर नव्हती, पण तानपुरा शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखा. आजोबांच्या रेकॉर्डवर पत्र्यावर पाऊस पडावा तशी टिकटिक, आणि तरी पंडितजी थेट समोर बसलेले.

कोडं सोडवलं चोरबाजारातल्या एका चाचांनी. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून त्यांनी लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले बारीक आकडे दाखवले. गाणं तेच, साचा वेगळा. तबकडी धातूच्या साच्याने दाबून काढतात. हजारेक तबकड्या निघाल्या की साचा झिजतो, आणि आधी जातात ते वरचे, नाजूक स्वर. पुढच्या आवृत्तीला मूळ टेपऐवजी टेपची कॉपी वापरली, तर आवाज आणखी एक पाऊल लांब. व्हिनाईल भेसळीचं असेल तर विचारूच नका.

मला हे पटकन कळलं, कारण आजोबा गिरगावातल्या छापखान्यात कंपोझिटर होते. झिजलेल्या खिळ्यांबद्दल त्यांची कुरकुर ऐकतच मी मोठी झाले. दोन्ही रेकॉर्ड्समधला फरक त्यांना नक्की ऐकू येत असणार. आत्यासमोर कधी बोलले नाहीत, एवढंच.

"पहला प्रेसिंग है," चाचा म्हणाले. "कव्हर पे नाम नहीं होता तो डबल देता."

म्हणजे बघा, बाजारात पहिल्या छापाला भाव, पण ती कुणी पहिल्या बोनसमधून घेतली, त्याचे पैसे वजा!

मी ती परत पिशवीत घातली. आत्याची विकली. तिला अजून सांगितलेलं नाही. ती हे साप्ताहिक वाचत नाही, असं धरून चाललेय.