सिरपूरच्या पाळीवर

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही सिरपूर तलावावर गेलो. मी, हे, आठ वर्षांची सई आणि सासूबाई. तलाव धार रोडवर, आपल्या इंदूरातच. सून म्हणून इथे येऊन मला अकरा वर्षं झाली, आणि पाहिला आत्ता!

पाळीवरची वाट सपाट आहे, दुखऱ्या गुडघ्यांनाही झेपते. एकीकडे झाडी, दुसरीकडे पाणी आणि पाणवनस्पती. सकाळी लवकरच पोचा, ऊन चढलं की पक्षी लांब सरकतात. पोहे-जिलबी परतताना.

होळकरांच्या काळातला हा तलाव मध्यंतरी सांडपाण्याने आणि अतिक्रमणाने पार रया गेलेला होता. छायाचित्रकार पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं पाठीशी लागले, म्हणून तो वाचला. २०२२ साली रामसर यादीत त्याचं नाव आलं.

सईला पक्ष्यांची नावं इंग्रजीतच येतात. सासूबाई मात्र गावच्या तळ्याकाठी वाढलेल्या. "तो काळा, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. सारखी बुडी मारते ती टिबुकली." सई मोठ्याने घोकत होती. (पक्षी उडून जातील म्हणून हे तिला गप्प करत होते.)

"आणि ते बदक, आजी?" काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल ठिपके.

सासूबाई जरा थांबल्या. मामंजी पावसाळ्यात गेले. चारच दिवसांपूर्वी घरी माझं हळदीकुंकू झालं, तेव्हा बायका बाहेर बसल्या होत्या आणि ह्या स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापत होत्या. मीही त्यांना बाहेर बोलावलं नव्हतं.

"हळदीकुंकू बदक," त्या म्हणाल्या.

"बदकाला कोणी लावलं?"

"जन्मतःच असतं गं. त्याचं कोण पुसणार?" आणि हसल्या.

मला काही बोलता येईना. पुढची सगळी वाट मी त्यांचा हात धरून चालले. वाटेत एक खंड्या दिसला, तो म्हणे सईने आधी पाहिला.

रथसप्तमीच्या आत चार जणींना पुन्हा बोलावलंय. "आई, या वेळी तुम्ही बाहेर बसायचं," म्हटलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पण वाण आणायला काल माझ्याबरोबर राजवाड्यावर आल्या, आणि भाव त्यांनीच केला.